आठी पडते, खुन्नस दिली जाते

मागच्या उन्हाळ्यात भाचा सुट्टीला कोल्हापूरला आला होता. अकरावीतला पोरगा, अंगानं उंच, बोलायला कमी. संध्याकाळी आम्ही रंकाळ्याच्या चौपाटीवर कठड्यावर बसून भेळ खात होतो. समोर पाणी, पाण्यापलीकडं मावळतीचा सूर्य, आणि मधे त्याच्याच वयाची चार-पाच पोरं पाण्याकडं पाठ करून गप्पा मारत उभी. भाचा पाण्याकडं बघत होता. थोड्या वेळानं त्यातला एकजण सरळ चालत आमच्यापाशी आला.

"काय रं, मगाधरनं खुन्नस देतोयस व्हय?"

भाच्याच्या हातातला कागद तसाच राहिला. "न्हाई ओ. डोळ्यावर ऊन येतंय."

त्या पोरानं मागं वळून सूर्याकडं बघितलं. बघताक्षणी त्याच्याही कपाळाला तशाच आठ्या पडल्या, डोळे बारीक झाले. दोन सेकंद तो तसाच उभा राहिला आणि मग हसला. "आयला, खरं की. बसा बसा."

एवढंच झालं. पण घरी येताना माझ्या डोक्यात तोच शब्द घोळत राहिला. चेहरा एकच होता. एकानं त्याला ऊन म्हटलं, दुसऱ्यानं खुन्नस. रागाच्या चेहऱ्याला मराठीत किती शब्द आहेत आणि कुठला कुठं बसतो, हे नीट मांडावं असं तेव्हापासून मनात होतं. शेजारची नववीतली मुलगी परवा 'स्काउल'ला मराठीत काय म्हणायचं असं विचारत आली, तेव्हा बसलेच लिहायला. तिच्या डिक्शनरीत 'कपाळाला आठ्या घालणे' एवढंच होतं. ते चूक नाही, पण अर्धंच आहे.

आधी खुन्नस, कारण भांडण त्याच शब्दावरून होणार होतं.

खुन्नस म्हणजे नुसता राग नव्हे. राग पावसावर येतो, एसटीवर येतो, न लागणाऱ्या फोनवर येतो. खुन्नस मात्र माणसालाच देता येते. 'देणे' हे क्रियापद इथं फार महत्त्वाचं आहे. दिली म्हटलं की घेणारा आला. म्हणून तर तो पोरगा उठून आला. आपल्याला काहीतरी दिलं गेलंय आणि त्याची पोच द्यायला हवी, असं त्याला वाटलं. दुसरं असं की खुन्नस बरोबरीच्यांत चालते. आई मुलाला खुन्नस देत नाही, सासरा जावयाला देत नाही, हेडमास्तर सातवीतल्या पोराला देत नाहीत. त्यांचे चेहरे याहून भयंकर असतील, पण त्यांना वेगळे शब्द आहेत. उलट सातवीतला पोरगा हेडमास्तरांकडं तसं बघायला लागला, तर शिक्षक-खोलीत "खुन्नस देतंय बघा" असं म्हणतील, आणि त्या म्हणण्यातच तो स्वतःला बरोबरीचा समजायला लागलाय ही तक्रार असते.

क्रियापद बदललं की अर्थही बदलतो. खुन्नस दिली म्हणजे नजर. खुन्नस धरली किंवा ठेवली म्हणजे मनात डूख. खुन्नस काढली म्हणजे त्या डुखाचा वचपा. आणि 'खुन्नसनं' केलं म्हणजे दुसऱ्याला दाखवायला, जिद्दीनं केलं: "त्यानं बुलेट घेतली म्हणून ह्यानं खुन्नसनं घेतली." यातल्या शेवटच्या अर्थाला कोल्हापूरचा स्वतःचा, जास्त मानाचा शब्द आहे, ईर्षा. शाहू स्टेडियमवर दोन तालमींचे फुटबॉल संघ समोरासमोर आले की गॅलरीतला माणूस खुन्नस म्हणतो आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात 'ईर्षेने झालेला सामना' असं छापून येतं. माझ्या कानाला दोन्हींत फरक आहे. ईर्षेला पेटलेला खेळाडू चेंडूकडं बघतो, खुन्नस देणारा समोरच्याच्या तोंडाकडं.

या शब्दाबद्दल एक समज सर्रास आढळतो, की तो 'खून'वरून आला. उच्चार सारखा आहे, आणि खुनशी हा शब्द शेजारी उभा असल्यामुळं शंका घट्ट होते. पण तुलसीदासांनी १५७४ साली लिहायला घेतलेल्या रामचरितमानसात हा शब्द 'खुनिस' असा भेटतो. अयोध्याकांडात भरत रामाबद्दल बोलताना म्हणतो की खेळतानासुद्धा मी त्यांची कधी खुनिस पाहिली नाही. दोन भाऊ खेळताहेत, त्यात रक्तपाताचा संबंध कुठला? तिथं अर्थ सरळ आहे: राग, नाराजी, चेहऱ्यावर येणारी. 'पाहिली नाही' असं भरत म्हणतो, म्हणजे ती दिसणारी गोष्ट होती. रंकाळ्यावरच्या पोराच्या तोंडातला शब्द इतका जुना आणि इतक्या प्रेमाच्या जागी वापरलेला आहे, हे मला कळलं तेव्हा मी दोनदा वाचून खात्री केली होती.

आता आठी. शब्द स्त्रीलिंगी, आणि बहुतेक वेळा अनेकवचनी: आठ्या. इथंही क्रियापद बघायचं. आठ्या 'पडतात' आणि आठ्या 'घालतात'. पडणं आपसूक आहे, जशी कपड्याला चुणी पडते. घालणं हे करणाऱ्याचं. "हिशेब बघताना त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या" यात कुणावर राग नाही. "मी पैसे मागितले तशी त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या" यात आहे, आणि तो माझ्यावर आहे. एवढ्याशा फरकावर अख्खं वाक्य फिरतं. भाच्याच्या आठ्या पडलेल्या होत्या. समोरच्यानं त्या घातल्या असं धरलं आणि पुढं दिल्या इथपर्यंत नेलं.

त्या पडतात कशा, ते समजून घेण्यासारखं आहे. दोन भुवयांच्या मधे बोट ठेवा आणि औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचायचा प्रयत्न करा. बोटाखाली काहीतरी आवळतं. प्रत्येक भुवईच्या आतल्या टोकाशी एक लहान, तिरका स्नायू असतो, त्याचं नाव कॉरुगेटर सुपरसिली. तो आवळला की भुवई खाली आणि आत ओढली जाते, मधली कातडी गोळा होते आणि उभ्या रेघा उमटतात. नाकाच्या मुळाशी आडवी चुणी पडते ती शेजारच्या प्रोसेरस नावाच्या स्नायूमुळं. आणि सगळ्या कपाळभर ज्या आडव्या आठ्या येतात त्यांचा स्नायू तिसराच, फ्रॉन्टॅलिस. तो भुवया वर उचलतो. म्हणजे उभ्या आठ्या भुवया खाली आल्यावर, आडव्या भुवया वर गेल्यावर. आपण दोन्हींना आठ्याच म्हणतो, पण रागाच्या त्या उभ्या. आडव्या आश्चर्याच्या, काळजीच्या, "आता काय करायचं" अशा. कुणाच्या कपाळाला आठ्या दिसल्या तर आधी त्या उभ्या की आडव्या ते बघावं.

चार्ल्स डार्विननं १८७२ साली माणसांच्या आणि प्राण्यांच्या चेहऱ्यावरच्या भावांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात त्यानं या उभ्या आठीचा बारकाईनं विचार केलाय. त्याचं म्हणणं असं की ही मुळात रागाची खूणच नव्हे, अडचणीची आहे. माणूस कितीही खोल विचारात असला तरी कपाळ गुळगुळीत राहतं. विचारात कुठं अडखळला, की आठी. काम चाललेलं असताना मधे अडथळा आला, की आठी. भाकरीचा घास तोंडात आणि दाताखाली खडा आला की कपाळाचं काय होतं ते आठवा, राग यायच्या आधीच ते आवळलेलं असतं. आणि उन्हाचंही त्यानं लिहिलंय: लांबचं बघताना उजेड जास्त असेल तर भुवया खाली येऊन डोळ्यांवर सावली धरतात. राग हा अडथळ्याचाच एक प्रकार, म्हणून तोही त्याच वाटेनं कपाळावर येतो.

भाच्याच्या बाबतीत आणखी एक अडथळा होता, तो आठवड्यानं कळला. डोळे तपासले तर लांबचं दिसत नव्हतं, दीडचा नंबर निघाला. लांबचं कमी दिसणारा माणूस पापण्या बारीक करतो, कारण डोळ्याची फट अरुंद झाली की अस्पष्टपणा थोडा कमी होतो. पापण्यांबरोबर भुवयाही ओढल्या जातात. शाळेत बाई त्याला "सारखा चिडका चेहरा करून का बसतोस" म्हणायच्या, असं त्यानं चष्मा लागल्यावर सांगितलं. वाईट वाटलं. दोन वर्षं पोरगं फळ्याकडं बघत होतं आणि सगळ्यांना ते चिडलेलं वाटत होतं. घरात कुठलं मूल असं सारखं आठ्या घालून बसत असेल तर रागावण्याआधी एकदा डोळे तपासून घ्या, हे मी कळकळीनं सांगते.

मग नुसती आठी आणि रागाची आठी यांत फरक कशानं पडतो? याचं उत्तर मला शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत मिळालं. नवरात्राच्या आधी तिथं देवीच्या मूर्तींची आखणी चाललेली असते. आखणी म्हणजे डोळे, भुवया रंगवणं. हे काम घरातला सगळ्यात मुरलेला हातच करतो. एक मूर्तिकार महिषासुराची भुवई काढत होते. बारीक ब्रश, काळा रंग, श्वास रोखलेला. मी विचारलं, राग कसा आणता? त्यांनी शेजारी पडलेल्या वर्तमानपत्रावर दोन भुवया काढून दाखवल्या. नाकाकडचं टोक खाली: राग. तेच टोक वर उचललं: कीव यावी असा रडवेला चेहरा. बाकी काही बदललं नव्हतं, फक्त दोन टोकं. मग त्यांनी पहिल्या जोडीखाली अर्धवट मिटलेले डोळे काढले. राग गेला, माणूस हिशेब करत असल्यासारखा दिसायला लागला. ते डोळे मोठे केले, बुबुळाच्या वर पांढरं दाखवलं, तेव्हा परत राक्षस झाला. "नुसत्या भुवईनं भागत न्हाई," ते म्हणाले, "डोळा उघडाय लागतोय." आणि हे सगळं करताना त्यांच्या स्वतःच्या कपाळावर दोन खोल उभ्या आठ्या होत्या, ज्यांत रागाचा लवलेश नव्हता.

चेहऱ्याचा अभ्यास करणारेही हेच सांगतात. पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीसन यांनी १९७८ साली चेहऱ्याच्या हालचालींना आकडे देऊन एक पद्धत बसवली. भुवया खाली ओढण्याला त्यांत ४ हा आकडा आहे. नुसता ४ म्हणजे राग नव्हे. वरची पापणी उचलणं ५, पापण्या ताणणं ७, ओठ आवळणं २३ आणि २४. हे ४ ला येऊन मिळाले की राग पुरा होतो. आता आपल्या वाक्प्रचारांकडं बघा. कपाळाला आठ्या घालणे. डोळे वटारणे. दात-ओठ खाणे. त्या पद्धतीतले तीन विभाग आपल्या बोलण्यात आधीपासून वेगवेगळे उभे आहेत.

त्याही आधी भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात भुवयांच्या सात क्रिया सांगितल्यात: उत्क्षेप, पातन, भ्रुकुटी, चतुर, कुंचित, रेचित आणि सहज. यातली रागासाठी नेमलेली ती भ्रुकुटी. भ्रू म्हणजे भुवई, आणि आपली भुवई त्याच भ्रूपासून आली. मराठीत ती भृकुटी म्हणून रुळली आणि 'भृकुटी ताणणे', 'भृकुटी चढवणे' असे वाक्प्रचार आले. पण हा शब्द आज पोशाखी आहे. पौराणिक नाटकात, कीर्तनात शोभतो. महाद्वार रोडवर कुणी "भृकुटी का चढवतोस" म्हणालं तर समोरचा कपडे न्याहाळेल.

घरातले चेहरे वेगळे, आणि मला ते जास्त आवडतात.

डोळे वटारणे हे मोठ्यांनी लहानांना करायचं. पाहुण्यांसमोर तिसरा लाडू उचलणाऱ्या पोराकडं आई ज्या नजरेनं बघते ती. आवाज नाही, शब्द नाही, पाहुण्यांना पत्ता नाही, आणि पोराचा हात ताटलीतून मागं. यात राग फार थोडा, इशारा जास्त. म्हणून 'आईनं खुन्नस दिली' असं लिहिलं की ते मराठी कानाला खटकतं. अलीकडं गोष्टींच्या भाषांतरांत हे असले घोळ मी वाचलेत.

तोंड फुगवणे, गाल फुगवणे हा रुसवा. रुसायला समजूत काढणारं माणूस लागतं. रिक्षावाल्यावर, बँकेतल्या क्लार्कवर कुणी रुसत नाही. ज्याच्यावर हक्क आहे त्याच्यावरच रुसता येतं, त्यामुळं फुगलेलं तोंड ही एका अर्थी जवळिकीची खूण आहे. नाक मुरडणे म्हणजे नापसंती, कमी लेखणं. त्यात राग नसतोच. एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा म्हणजे करावं लागतंय पण मनातून नको आहे. फणकारा म्हणजे मानेचा झटका आणि सुराची धार, दोन्ही एकदम. हा शब्द आपण जवळजवळ फक्त बायकांसाठी वापरतो आणि ते मला पटत नाही. फणकारणारे पुरुष मी रोज बघते, त्यांच्याबद्दल आपण 'तडकले' म्हणतो. डाफरणं, खेकसणं, वसकन अंगावर येणं ही सगळी आवाजाची कामं, चेहऱ्याची नव्हेत.

'जळजळीत कटाक्ष' मात्र बोलण्यात फार कमी आणि छापील मजकुरात फार जास्त. कटाक्ष म्हणजे मुळात डोळ्याच्या कोपऱ्यातून टाकलेली नजर, संस्कृत काव्यात ती बहुतेकदा प्रेमाची. आता ती एकीकडं जळजळीत झाली आणि दुसरीकडं 'कटाक्षानं वेळ पाळणे'मध्ये शिस्तीची.

भुवया उंचावणे यावर थोडं थांबायला हवं, कारण पुष्कळजण तो रागासाठी वापरतात. 'मंत्र्यांच्या विधानानं अनेकांच्या भुवया उंचावल्या' म्हणजे त्यांना नवल वाटलं, खटकलं. भुवया नुसत्या वर गेल्या की रागाची उभी आठी पडत नाही, हे वर सांगितलेल्या स्नायूंवरून ध्यानात येईल. 'त्यानं रागानं भुवया उंचावल्या' हे वाक्य शरीराला धरून नाही. रागात चढतात त्या भुवया बाहेरच्या टोकाशी चढलेल्या दिसतात, आतलं टोक खालीच असतं.

मोबाईलवरच्या चेहऱ्यांनी तर आणखी गंमत केलीय. लालभडक, भुवया खाली ओढलेला चेहरा आपण संतापाला पाठवतो. त्याचं युनिकोडमधलं नाव 'पाउटिंग फेस', म्हणजे तोंड फुगवलेला. नाकातून वाफ सोडणारा जो चेहरा आपण भडकल्यावर टाकतो, त्याचं नाव तर विजयाची मुद्रा असं आहे. जिथं ते ठरले तिथं राग कसा दिसतो आणि इथं कसा वाचला जातो, यात एवढं अंतर. शेजारच्या मुलीला हे सांगितलं तर तिनं लगेच फोन काढून तपासलं.

तिच्या 'स्काउल'साठी आम्ही दोघींनी मिळून हे ठरवलं: कपाळाला आठ्या घालून रागानं बघणे. यातलं 'रागानं' गाळायचं नाही, नाहीतर तो चष्मा नसलेला माणूस होईल. 'ग्लेअर' आला तर डोळे वटारून बघणे किंवा रोखून बघणे, आणि दोन पोरं समोरासमोर असतील तर बिनधास्त खुन्नस देणे. पेपर तपासणाऱ्या बाईंना खुन्नस चालेल का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, संवादात घाल, कोल्हापूरच्या बाईंना चालायला हवी.

आठ्या घालणं या शब्दांशी माझं एक वेगळंच नातं आहे, तेही सांगते. चार वर्षांपूर्वी आमच्या आण्णांचं तोंड एका सकाळी वाकडं झालं. चहा ओठाच्या कोपऱ्यातून गळायला लागला, एक डोळा मिटेना. आम्हाला वाटलं, लकवा मारला. धावत दवाखान्यात नेलं. तिथं डॉक्टरांनी पहिल्यांदा काय म्हटलं असेल? "आजोबा, भुवया वर करा, कपाळाला आठ्या पाडा." आण्णांनी पाडल्या. डाव्या अर्ध्या कपाळावर पडल्या, उजवं कपाळ कोऱ्या कागदासारखं सपाट.

डॉक्टरांनी नंतर समजावलं. चेहऱ्यावर भाव आणणारे स्नायू सातव्या मज्जातंतूवर चालतात. मेंदूतच झटका आला असेल तर बहुतेक वेळा तोंड वाकडं होतं पण कपाळ वाचतं, कारण कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतो. कपाळासकट अर्धा चेहरा गेला तर दोष बहुधा त्या मज्जातंतूतच असतो. त्याला बेल्स पाल्सी म्हणतात, सर चार्ल्स बेल यांच्या नावावरून. याच बेल यांनी चेहऱ्यावरच्या भावांचाही आयुष्यभर अभ्यास केला होता. आण्णांना तेच झालं होतं. अर्थात हे घरी बसून ठरवायचं नसतं. तोंड वाकडं दिसलं की तासही न घालवता दवाखाना गाठायचा.

गोळ्या झाल्या, मालिश झालं, डोळ्याला पट्टी झाली. रोज सकाळी आई आरसा धरायची आणि म्हणायची, "घाला बघू आठ्या." जो माणूस चाळीस वर्षं न सांगता आठ्या घालत आला, त्याला सांगूनही अर्ध्याच जमत होत्या. पाचव्या आठवड्यात एका रविवारी जेवायला पांढरा रस्सा होता आणि आईच्या हातून मीठ राहिलं. आण्णांनी पहिला घोट घेतला, वाटी खाली ठेवली आणि आईकडं बघितलं. दोन्ही भुवया खाली आल्या. मधे दोन उभ्या रेघा उमटल्या, उजवीकडची थोडी फिकी.

आई मीठ आणायला उठली नाही. हातातली पळी तशीच धरून ती त्यांच्या कपाळाकडं बघत राहिली.